विजयी संघ कधी मोडावा?

‘ज्यांनी अजिंक्यपद मिळवून दिले त्यांना काढायचे कसे?’ हा प्रश्न उदात्त वाटतो. आम्हांला तो लबाड वाटतो. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये 2005 पासून संघाच्या एकूण वेतनाला कमाल मर्यादा आहे. तिथे कृतज्ञतेची पावती कोणा तरुणाच्याच नावावर फाटते.

शिकागो ब्लॅकहॉक्सने 2010 मध्ये स्टॅनले चषक जिंकताच बफ्लिन, लॅड, निएमी यांना सोडले. नाइलाजाने, हे खरे. पण 2013 आणि 2015 मध्ये चषक पुन्हा आला. दरम्यान 2014 मध्ये टेव्झ आणि केन यांना आठ वर्षांसाठी प्रत्येकी 8 कोटी 40 लाख डॉलर देऊ केले गेले. पुढच्या वर्षी तिशी गाठलेल्या सीब्रुकलाही आठ वर्षे! आणि गेले कोण? बावीस वर्षांचा साद. मग एकवीस वर्षांचा टेराव्हायनेन, तोही बिकेलचा जड करार दुसऱ्याच्या गळ्यात बांधता यावा म्हणून. (गौरवग्रंथ काढणे वेगळे, संघ बांधणे वेगळे, आपल्या वाङ्मयीन वर्तुळातही ही गल्लत होते, असो.) 2017 मध्ये नॅशव्हिलने त्यांना पहिल्याच फेरीत 4-0 असे गुंडाळले.

संघ मोडण्याची वेळ पराभवानंतरची नव्हे, चषक हाती असतानाची, असे आमचे म्हणणे आहे. केन 2016 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. त्याची किंमत तेव्हाच सर्वाधिक होती; पण त्याच्या संमतीविना त्याला हलवायचे नाही, हे संघानेच करारात लिहून दिले होते. 2023 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा मोबदल्यात ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडसुद्धा मिळाली नाही.