देणगीदाराला पावती द्यावी, शिट्टी नव्हे



ऊसतोड, पाण्याच्या पाळ्या आणि ऊस बिल हे आपले नेहमीचे विषय. आज ते बाजूला ठेवून खेळाविषयी लिहितो आहे. ‘मास्तरांना काम नाही म्हणून कुस्तीवर लिहायला बसले,’ असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती. विषय फिरून आपल्या वजनकाट्यापाशीच येणार आहे.

आमच्या गावच्या यात्रेत दरसाल कुस्त्यांचा हगामा भरतो. रेवडीवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची आणि शेवटच्या कुस्तीला मोठे इनाम असायचे. पैसा घरटी वर्गणीचा. कोणी शंभर दिले, कोणी पाच, पण सगळ्यांची नावे एकाच वहीत. काही वर्षांपूर्वी एका धनिक गृहस्थांचा निरोप आला, “शेवटच्या कुस्तीचे सगळे इनाम माझे. मांडव, स्पीकर, पाहुण्यांचे जेवणही माझेच. गावाने कशाला तोशीस घ्यायची?” कमिटीतली आम्ही माणसे हरखून गेलो. ठरावाला मीही हात वर केला होता, हे आधीच कबूल करतो.

मग एकेक अट येऊ लागली. जोड त्यांनी लावायची. पंच त्यांच्या ओळखीचे. आमच्या तालमीतल्या पोराने त्या कुस्तीसाठी दोन वर्षे मेहनत केली होती. पाठ लागली की नाही यावर वाद झाला, पंचाने घाईघाईने निकाल दिला, हलगी थांबली आणि फड उठला. रात्री त्या पोराचे वडील मला म्हणाले, “मास्तर, पोरगा हरला असता तर काही वाटलं नसतं. हरवला, त्याचं वाईट वाटतं.” मी मान खाली घातली.

पुढच्या साली त्या गृहस्थांचे आणि कमिटीचे बिनसले. ते दुसऱ्या गावाला इनाम द्यायला गेले. आम्ही पुन्हा वर्गणीची वही काढली, तर दारोदार एकच उत्तर, “आता आमची आठवण झाली व्हय?” दोन वर्षे वही बंद राहिली आणि लोकांची सवय मोडली. पैसा गेला त्याचे दुःख नाही. गावाची मोडलेली सवय परत लावायला मात्र फार वर्षे लागतात.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे, की तालमीत नवे मॅट घालायची बोलणी पुन्हा सुरू आहेत आणि पुन्हा एक मोठे देणगीदार पुढे आले आहेत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या बऱ्याच गावांत आज ना उद्या हा प्रश्न येईल. तेव्हा थोरामोठ्यांच्या खेळात काय घडले, ते पाहून ठेवणे बरे.

फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, मावळ तालुक्यात गहुंजे येथे द्रुतगती मार्गालगत महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मैदान आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. त्याच सुमारास सहारा समूहाशी करार होऊन मैदानाला समूहाच्या प्रमुखांचे, सुब्रतो रॉय यांचे नाव लागले. करार दोनशे कोटींच्या घरातला. एवढा पैसा येणार म्हटल्यावर कोणाचे डोळे दिपणार नाहीत? पण ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणे आले नाहीत. असोसिएशनने नावाचा फलक झाकला आणि पुढे ते नाव उतरलेच. मैदान बांधताना काढलेले बँकांचे कर्ज मात्र उतरले नाही. थकबाकीपोटी बँकांनी मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेण्यापर्यंत गोष्ट गेली. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून कर्ज काढले की काय होते, हे ऊस उत्पादकाला निराळे सांगायला नको.

याच सहारा समूहाने २०१० साली आयपीएलमधला पुण्याचा संघ सुमारे १,७०२ कोटी रुपयांना घेतला होता. पण त्यांची तक्रारही समजून घ्यावी. चौऱ्याण्णव सामने होतील या हिशेबाने आम्ही बोली लावली, प्रत्यक्षात चौऱ्याहत्तरच ठरले, तेव्हा रक्कम कमी करा, असे त्यांचे म्हणणे होते. क्रिकेट मंडळाशी वाद वाढत गेला. २०१३ च्या मे महिन्यात मंडळाने त्यांची बँक हमी वटवली, समूहाने संघ सोडण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरात मंडळाने करारच रद्द केला. पुण्याच्या नावाचा संघ तीन हंगामांत संपला. चूक कोणाची किती, हे वकील सांगतील. आपण एवढेच पाहायचे, की पैसा देणारा आणि खेळ चालवणारा यांच्यातला व्यवहार नीट मोजलेला नसला, तर मैदानात खेळणाऱ्याला आणि तिकीट काढणाऱ्याला कोणी विचारत नाही.

असे तंटे जुनेच आहेत. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या श्रीमंत क्लबाचे ब्रेबॉर्न मैदान १९३७ सालचे. सामने भरवायचे मुंबई क्रिकेट असोसिएशनने, पण जागा क्लबाची, त्यामुळे तिकिटांचा वाटा किती द्यायचा ते क्लब ठरवणार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद विकोपाला गेला. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरे मैदान बांधायला घेतले आणि १९७५ च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना झाला. दोन मोठी मैदाने हाकेच्या अंतरावर का आहेत, याचे उत्तर या भांडणात आहे. मुंबईला दोन मैदाने परवडली. आपल्या गावात एका वादापायी दोन तालमी झाल्या, तर दोन्ही ओस पडतील.

क्रिकेट राहू द्या. आपल्या कुस्तीचे काय झाले? १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीचा मान केवढा! पण २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने राज्याची कुस्तीगीर परिषद बरखास्त केली आणि संघटना दुभंगली. २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, तर धाराशिवला आपल्या शेजारच्या खेड तालुक्याचा शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा तेच. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि पुढे कर्जतला वेताळ शेळके. चौघेही अस्सल पैलवान, घाम गाळलेले. पण लहान पोराने विचारले, “खरा केसरी कोण?” तर सांगणार काय?

आणि संघटना दुभंगली की पैसेवाल्याचे वजन आपोआप वाढते. एक संघटना असली तर ती देणगीदाराला सांगू शकते, “आमचे नियम असे आहेत, पटत असेल तर द्या.” दोन झाल्या की दोघींनाही आयोजक हवा, मैदान हवे, गदेबरोबर द्यायला मोटारगाडी हवी. मग नियम सांगायचे कोणी आणि ऐकायचे कोणी?

बैलगाड्याचेही तसेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. एवढ्या वर्षांनी घाट पुन्हा जागे झाले याचा आनंद आहेच. पण बक्षिसे दुचाकीवरून ट्रॅक्टरवर आणि जीपवर गेली. इनाम वाढले की सेकंद मोजणाऱ्यावरचा दाबही वाढतो. बारी कोणाची लागली, हे ठरवणारा माणूस इनाम देणाराच्या पंगतीतला असून चालेल का?

इथवर वाचून काहींना वाटेल, मास्तर श्रीमंतांवर घसरले. तसे नाही. देणगीदाराची बाजूही तितकीच खरी आहे. पदाला चिकटून बसलेली मंडळी, वर्षानुवर्षे न झालेली निवडणूक, न दाखवलेला जमाखर्च, हे पाहून देणारा म्हणतो, “माझा पैसा यांच्या हाती कशाला? मीच बघतो.” खुद्द भारतीय कुस्ती महासंघाला निवडणूक वेळेत घेतली नाही म्हणून जागतिक संघटनेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये निलंबित केले होते. घरच्यांनी हिशेब ठेवला नाही तर बाहेरचा येऊन हिशेब मागणारच. आमच्या हगाम्याच्या वहीचा तरी ताळेबंद आम्ही कधी चावडीवर लावला होता?

देणे कसे असावे, याचा दाखला मात्र महाराष्ट्रातच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला ते लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र निवडीतच त्यांना डावलले गेले. दाद मागून, पुन्हा कुस्ती घेऊन त्यांनी आपली जागा मिळवली. जागा मिळाली, पण जायला पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक निघाली आणि पुढे कुस्त्यांची मैदाने घेऊन त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले, असे सांगतात.

या गोष्टीत दोन्ही धडे आहेत. निवड करणाऱ्यांनी अन्याय केला, म्हणजे संघटना नेहमी बरोबर असते असे नाही. आणि घर गहाण टाकणाऱ्या माणसाने ना मैदानावर नाव मागितले, ना पंच नेमायचा हक्क. पैलवान लढावा, एवढेच त्याचे मागणे.

आता वजनकाट्याकडे येतो. आपल्या कारखान्यात पन्नास एकर उसाचा धनी आणि वीस गुंठ्यांचा धनी, दोघांनाही मत एकच. भाग जास्त घेतले म्हणून कोणाला काट्यावर आपला माणूस बसवता येत नाही. येऊ लागले, तर दुसऱ्या दिवशी काट्यावरचा विश्वास उडेल आणि विश्वास उडालेल्या काट्यावर कोण गाडी लावील? कुस्तीतला पंच हा खेळाचा वजनकाटा आहे. तो कोणाच्या उपकाराखाली असता कामा नये.

म्हणून तालमीच्या मॅटसाठी मी पुढच्या बैठकीत चार गोष्टी मांडणार आहे. पहिली, देणगी घ्यावी, आनंदाने घ्यावी, पावती द्यावी, भिंतीवर नाव लावावे. पण जोड लावणे, पंच नेमणे आणि तारीख ठरवणे हे कमिटीच्या वहीतच राहील, हे पैसे घेण्यापूर्वी लिहून सही घ्यावी. दुसरी, पैसा हाती आल्याशिवाय मॅटची ऑर्डर देऊ नये आणि नावही लावू नये. गहुंजेचा धडा तोच. तिसरी, देणगी कितीही मोठी असो, घरटी वर्गणी बंद करू नये, मग ती दहा रुपये का असेना. ज्याचे दहा रुपये आहेत तो विचारायला येतो, आणि विचारणारे असले की खेळ सरळ चालतो. चौथी, यात्रा उठल्यावर पंधरा दिवसांत जमाखर्च चावडीवर लावावा आणि कमिटी ठराविक मुदतीने बदलावी. देणगीदाराला तोंड वर करून नियम सांगायचा, तर आधी आपले हात स्वच्छ पाहिजेत.

हाच नियम आपल्या कारखान्यालाही लागू आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. सहकारी कारखान्यांनी कुस्तीला मोठा आधार दिला. वारणेचे मैदान सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या आपल्या संचालक मंडळाने धर्मादाय निधीतून एखाद्या तालमीला मदत दिली, तर तो पैसा सभासदांचा आहे. तिथेही पावती घ्यावी, अहवालात छापावी, आणि पंच नेमायला कोणी जाऊ नये.

त्या रात्री मान खाली घालून उभा राहिलो होतो, त्या पोराचे वडील आजही आपल्या गटात ऊस घालतात. त्यांचा नातू आता तालमीत जातो. नव्या मॅटवर तो हरला तर हरू द्या, आपण त्याच्या पाठीवर हात ठेवू. पण तो हरवला जाऊ नये. त्यासाठी या बैठकीला प्रत्येक घरातून एक जण यावा, एवढीच हात जोडून विनंती.

— एक सभासद