पेसमेकर आणि मोबाईल: हातभर अंतर पुरे!

घरात जुना रेडिओ असेल, तर एक गंमत करून पाहा. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावा आणि रेडिओ चालू चार्जरजवळ किंवा एलईडी दिव्याजवळ न्या. बहुतेक वेळा खरखर सुरू होते. चार पावले मागे या, ती कमी होते. एका उपकरणाने दुसऱ्याच्या कामात केलेली ही लुडबुड म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्यय. अंतर वाढले की तो झपाट्याने ओसरतो.

रेडिओची खरखर चालून जाते. पण घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर?

पेसमेकर हृदयाचे अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचे संकेत ऐकत असतो. ठोका चुकला की तो स्वतः संकेत देतो. बाहेरचा संकेत त्याला ठोका वाटला, तर गरज असतानाही तो गप्प राहू शकतो. म्हणूनच त्याला धातूचे कवच असते आणि नको ते संकेत गाळण्याची सोयही असते. टीव्ही, फ्रीज, मिक्सर नेहमीसारखे वापरायला हरकत नाही.

चुंबकाचे मात्र वेगळे आहे. डॉक्टरांच्या सोयीसाठी या यंत्रांत चुंबक ओळखण्याची व्यवस्था मुद्दाम केलेली असते. चुंबक जवळ आले की पेसमेकर बहुधा हृदयाचे न ऐकता ठरावीक गतीने चालू लागतो. धोकादायक ठोक्यांवर शॉक देणारे आयसीडी यंत्र तर तेवढा वेळ शॉक देणेच थांबवते. आयफोन १२ मध्ये चार्जिंगसाठी चुंबक आहेत. तो एका रुग्णाच्या छातीवर धरल्यावर नेमके हेच घडल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. फोन दूर नेला की यंत्र पुन्हा नीट चालू लागले.

म्हणून एवढे सांभाळा:

• मोबाईल, स्मार्टवॉच, इयरफोनची डबी: यंत्रापासून किमान १५ सेंमी दूर. मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात नको. बोलताना यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावा.

• वायरलेस चार्जर: ३० सेंमी.

• इंडक्शन शेगडी: ६० सेंमी, म्हणजे दोन फूट.

• दुकानाच्या दारातील चोरी पकडणारे फाटक: न रेंगाळता पार करा, त्याला टेकून उभे राहू नका.

• मेट्रो, विमानतळ: पेसमेकरचे कार्ड दाखवा. हातातले तपासणी यंत्र छातीवर धरू नका, असे सांगा.

• एमआरआय: आधी पेसमेकरबद्दल सांगा. काही पेसमेकरना ती चालते, काहींना नाही.

एखाद्या उपकरणाजवळ चक्कर आली किंवा छातीत धडधडले, तर लगेच दूर व्हा आणि डॉक्टरांना कळवा.

आणि नातवंडांना सांगून ठेवा: आजोबांच्या कुशीत खुशाल शिरा, फक्त हातातला फोन आधी बाजूला ठेवा!