विश्लेषण : एका ‘अ‍ॅक्शन’मुळे २३ हजार प्रकल्प धोक्यात कसे आले?

गिटहबवरील एका छोट्या सामायिक साधनात मार्च २०२५ मध्ये घुसखोरी झाली आणि ते वापरणारे २३ हजारांहून अधिक प्रकल्प एकाच वेळी धोक्यात आले. ‘एकदा लिहा, सगळीकडे वापरा’ या सोयीची दुसरी बाजू त्यातून समोर आली.

सामायिक वर्कफ्लो म्हणजे काय?

कोड बदलला की चाचण्या घेणे, नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणे ही कामे आपोआप व्हावीत यासाठी लिहून ठेवलेली सूचनांची यादी म्हणजे वर्कफ्लो. कंपनीचे ५० प्रकल्प असतील, तर हीच यादी ५० ठिकाणी लिहावी लागे आणि दुरुस्तीही ५० ठिकाणी करावी लागे. एका वर्कफ्लोतून दुसरा वर्कफ्लो बोलावण्याची सुविधा गिटहबने नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वांना खुली केली. ‘अ‍ॅक्शन’ हे त्याहून छोटे, ठरावीक काम करणारे साधन. तेही असेच एका ओळीत बोलावता येते.

नेमके काय घडले?

‘टीजे-अ‍ॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ ही अ‍ॅक्शन कोणत्या फाइल बदलल्या, हे सांगते. हल्लेखोरांनी तिच्या अनेक आवृत्त्यांचे टॅग घातक कोडकडे वळवले. परिणामी स्वतः एकही ओळ न बदललेल्या प्रकल्पांतही तो कोड चालला. त्याने टोकन, पासवर्ड अशी गुपिते कामाच्या लॉगमध्ये छापली. सार्वजनिक प्रकल्पांचे लॉग कोणालाही पाहता येत असल्याने ती उघड्यावर आली. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही याबाबत इशारा दिला.

बचाव कसा करता येतो?

टॅग हे केवळ लेबल. ते दुसऱ्या कोडवर चिकटवता येते. त्याऐवजी कमिटचा पूर्ण ४० अक्षरी क्रमांक दिला, तर तपासलेला तोच कोड चालतो. सामायिक वर्कफ्लोला आपली सगळी गुपिते एकगठ्ठा देण्याची सोय आहे. ती टाळून गरजेपुरतीच द्यावीत. टोकनची परवानगीही शक्यतो वाचण्यापुरती ठेवावी.

मग अडचण कुठे?

क्रमांक पक्का केला की सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. प्रत्येक नवी आवृत्ती कोणीतरी वाचून, तपासून स्वीकारावी लागते. सामायिक वर्कफ्लोने वाचवलेल्या वेळेतला थोडा वेळ या तपासणीसाठी राखून ठेवावा लागेल. तो न ठेवणाऱ्यांच्या चाव्या, ज्याला ते ओळखतही नाहीत अशा देखभालकर्त्याच्या सावधपणावर अवलंबून राहतात.