कबाब कुणाचा?

'कबाब' काहींना परक्यांचा वाटतो, तर आपल्यातल्याच काहींना तो खास इस्लामी वारसा वाटतो. आम्हाला दोन्ही दावे मान्य नाहीत. हा शब्द इस्लामहून फार जुना. अक्कादी भाषेत 'कबाबु' म्हणजे जाळणे, आणि ती भाषा इस्लामच्या उदयाआधी कित्येक शतके लोप पावली होती. अरबीने शब्द जपला, फारसी-तुर्कीने तो दूरवर नेला. 'सीख' फारसी, 'शिश' तुर्की. दोन्हींचा अर्थ सळई. 'कम आब', म्हणजे कमी पाणी, ही व्युत्पत्ती दस्तरखानावर रंगते. पण ती खरी नव्हे.

आता शुद्धीवाल्यांना आमचा सवाल. पाणिनीने सळईवर भाजलेल्या अन्नासाठी 'शूल्य' हा शब्द सिद्ध केला, तो कोणत्या आक्रमकाकडून शिकून? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मांस भाजण्याच्या कृती दिल्या, त्या कुणाच्या दबावाखाली? नाव बाहेरून आले, भाजणे इथलेच होते. आज शुद्ध शाकाहारी हॉटेलही 'हराभरा कबाब' विकते.

जिभेने आपलासा केलेल्या शब्दाकडे जन्मदाखला मागू नये. आणि 'तो फक्त आमचाच' म्हणत आपणही त्याला मोहल्ल्यात कोंडू नये.