डेप्युटेशनहून परतलेल्यांचं काय करता?

चाकण, तळेगाव, रांजणगावच्या संयुक्त कंपन्यांच्या संचालक मंडळांस,



भागीदारीचा करार होताना रॉयल्टीच्या अर्ध्या टक्क्यावरून महिनोन्महिने घासाघीस चालते. पण परदेशी कारखान्यात शिकून आलेला आपला मॅनेजर परतल्यावर कुठे बसेल, याचं कलम मी अजून पाहिलेलं नाही.

जनरल मोटर्सला हे महागात पडलं. टोयोटाबरोबर निम्म्या भागीदारीत तिने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा बंद पडलेला कारखाना ‘नुमी’ या नावाने उघडला. 1984च्या डिसेंबरात गाड्या निघू लागल्या. कामगार बहुतेक जुनेच, संपांसाठी बदनाम झालेले; युनियनही तीच. त्यातले शेकडो जण जपानच्या ताकाओका कारखान्यात शिकून आले आणि त्याच हातांनी दर्जेदार गाड्या केल्या. जनरल मोटर्सने आपले मॅनेजरही नुमीत धाडले. तेही शिकले, पण नंतर एकेकटे निरनिराळ्या प्लांटमध्ये विखुरले गेले आणि तिथे त्यांचं ऐकतो कोण! ‘नुमीत कॅमेरे घेऊन जा, इंच न् इंच टिपा आणि आपला प्लांट तसा करा,’ असा हुकूम एका वरिष्ठाने सोडल्याचं सांगतात. फोटोत लाइनवरची दोरी येते. ती ओढली की टीम लीडर धावत येतो, अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते आणि ओढणाऱ्याला कुणी झापत नाही, हे फोटोत कुठून येणार? 2009 साली जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली (कारणं अनेक होती, सगळं खापर इथे फोडत नाही), 2010मध्ये नुमी बंद झाली.

आपल्याकडे परतलेला माणूस प्रेझेंटेशन करतो, चहा-समोसे होतात, फाइल सर्व्हरवर जाते. मी होतो त्या कंपनीत वेल्डिंग शिकून आलेल्याला थेट खरेदी विभागात बसवलं. जिगच्या स्केचेसनी भरलेली त्याची वही कुणी मागितलीसुद्धा नाही. जपानी सल्लागार यायचे, पण दुभाषा बोर्डरूमपुरता. रात्रपाळीच्या सुपरवायझरने खाणाखुणांवर भागवायचं. वर ओरड अशी की ‘पार्टनर टेक्नॉलॉजी देत नाही.’ उद्याचा स्पर्धक हात राखणारच. पण दिलेलं तरी आपण कुठे घेतलं?

पुढच्या बॅचपासून एकाच लाइनचे तिघं-चौघं मिळून पाठवा, त्यात एखादा सुपरवायझरही असू द्या. परतल्यावर किमान दोन वर्षं त्यांना त्याच लाइनवर ठेवा. लाइन थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. त्यापायी उत्पादन घटलं तर अप्रेझलमध्ये गुण कापले जाणार नाहीत, हेही लेखी द्या. दुभाषा रात्रपाळीलाही हवा. आणि बोर्डाच्या बैठकीत रॉयल्टीचा आकडा मंजूर करण्याआधी या तिघा-चौघांना अर्धा तास आत बोलवा, प्रेझेंटेशनशिवाय.

आपला,
एक निवृत्त प्लांट मॅनेजर