पुनरुक्तीचे दोन हेतू

काशीच्या दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबांची वस्ती कित्येक पिढ्यांची आहे. तेथील वैदिक परंपरेत जटापाठ शिकणारा विद्यार्थी दोन पदे प्रथम सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणतो. पुढे दुसरे व तिसरे पद घेऊन हाच क्रम चालतो. घनपाठात ही गुंफण तीन पदांपर्यंत जाते. एकही अक्षर वा स्वर गळू नये, हा या पुनरुक्तीचा हेतू.

पुनरुक्तीवरच उभी असलेली एक सर्वस्वी निराळी रचनापद्धती गेल्या सुमारे चार दशकांत रूढ झाली आहे. जुने घरगुती संगणक व खेळयंत्रे यांतील ध्वनी-चिपांच्या मोजक्या आवाजांतून जन्मलेल्या संगीतास चिपट्यून म्हणतात. ते लिहिण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे ट्रॅकर. कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी केलेल्या १९८७ च्या ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’मध्ये ४ स्तंभ व ६४ ओळी यांचा एक पट असे. काळ वरून खाली सरकतो, आणि प्रत्येक घरात स्वर, वाद्याचा क्रमांक व एखादी सूचना लिहिली जाते. भातखंडे-लिपीतून बंदिशी वाचणाऱ्यास मात्रांची अशी मांडणी परकी वाटू नये. एकदा लिहिलेला पट क्रमसूचीत हवा तितक्या वेळा योजता येतो. यंत्राची स्मृती तुटपुंजी होती, म्हणून येथे पुनरुक्तीने स्मृती वाचविली. पाठशाळेत पुनरुक्तीने स्मृती राखली जाते.

या सोयीमुळे एका बैठकीत संपूर्ण रचना सिद्ध होऊ शकते. अशी रचना उथळच असणार, हा आक्षेप मात्र मान्य करता येत नाही. त्वरा हा स्वतः दोष नव्हे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात शाहीर ऐन फडात कवन जुळवितो, कारण चाल व ठेका त्याच्या अंगी आधीच मुरलेला असतो. त्वरेमागे अशी दीर्घ तयारी असली की ती शोभते.

खरा धोका आयत्या चौकटीचा आहे. त्रितालाच्या प्रत्येक मात्रेस ४ ओळी दिल्या, तर १६ मात्रांचे आवर्तन ६४ ओळींत नेमके बसते. झपतालाच्या १० मात्रांस ४० ओळी लागतात. रूपकाच्या ७ मात्रांस २८ लागतात, आणि दोन आवर्तनांनंतर ८ ओळी उरतात. घाईतला रचनाकार मग पटाला ताल न देता तालालाच पटात कोंबतो. वस्तुतः पट मध्येच तोडण्याची सूचना पुढील ट्रॅकरांत आहे, आणि आजच्या अनेक ट्रॅकरांत पटाची लांबी ठरविताही येते. उणीव साधनाची नसून मोजणीची आहे.

म्हणून पहिला स्वर लिहिण्यापूर्वी आवर्तन मोजावे आणि त्यावरून पट आखावा. पट पुन्हा योजताना तो आशयासाठी येतो की केवळ श्रम वाचावेत म्हणून, हेही स्वतःस विचारावे. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी ट्रॅकरला खेळणे समजून दूर न ठेवता स्वरलिपीच्या अभ्यासाशेजारी स्थान दिले, तर ही मोजणी विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडेल. मग त्यांनी कितीही त्वरेने रचना केली, तरी तिची काळजी करण्याचे कारण उरणार नाही.