मुंगीताई, तुमचं नाव काय?

मागच्या उन्हाळ्यात चार दिवस गावी, देवणीला गेलो होतो. लॅपटॉप बंद, डेडलाइन बंद, मोबाइलला रेंज आली तर आली. प्लॅन एकच : आंबे खायचे आणि झोपायचं. तिसऱ्या दिवशी सात वर्षांच्या पुतणीने या प्लॅनची वाट लावली.

शेताच्या बांधावर ती उकिडवी बसली होती. समोर मुंग्यांचं बीळ, बिळाच्या तोंडाशी भुशाचं गोल रिंगण, आणि गवताच्या बिया तोंडात धरून आत शिरणारी वरात.

‘‘काका, या मुंगीचं नाव काय?’’

‘‘मुंगी.’’

‘‘ते आडनाव झालं. नाव सांग!’’

मास कॉमची डिग्री, पाच वर्षांचा अनुभव, आणि मी सपशेल गप्प.

गंमत म्हणजे नावं ठेवण्यात आमचं गाव अजिबात मागे नाही. देवणी गाय तुम्ही ऐकून असाल. नुसतं ‘देवणी’ म्हणून आमच्याकडे भागत नाही. अंगावरचे काळे ठिपके आणि तोंडाचा रंग बघून वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन प्रकार करतात. वडील लांबूनच सांगतात. मुंग्यांच्या बाबतीत मात्र तांबडी, काळी आणि मुंगळा. संपलं!

रात्री गच्चीवर रेंज मिळाली आणि शोधत बसलो. जगात 14 हजारांहून जास्त जातींच्या मुंग्यांचं बारसं झालंय. भारतात किती? 2016 मध्ये हिमेंदर भारती आणि सहकाऱ्यांनी यादी केली, त्यात जाती-उपजाती मिळून 828 नावं आहेत. पृथ्वीवर एकूण मुंग्या किती, याचाही 2022 मध्ये अंदाज काढला गेला. माणशी हिशेब केला तर तुमच्या-माझ्या वाट्याला सुमारे 25 लाख येतात! आणि आपल्याला त्यातली एकही नावानिशी माहीत नाही.

या यादीतल्या एका नावाचा पत्ता थेट पुण्याचा निघाला. रॉबर्ट रॉटन हा मुंबई इलाख्यातला इंग्रज वनअधिकारी. फायली उपसता उपसता त्याला मुंग्यांचं वेड लागलं. 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याने ‘अवर अँट्स’ ही लेखमाला लिहिली. तो मुंग्या गोळा करून पाठवायचा स्वित्झर्लंडला, ऑग्यूस्त फोरेलकडे. हा फोरेल झुरिचच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख! दिवसा पेशंट, उरलेल्या वेळात मुंग्या. पुढे स्विस नॅशनल बँकेने त्याला हजार फ्रँकच्या नोटेवर बसवलं आणि मागच्या बाजूला मुंग्या छापल्या.

पुण्यातली एक चिमुकली मुंगी फोरेलला इतकी वेगळी वाटली की 1890 मध्ये त्याने तिच्यासाठी नवा वंशच काढला, एमेरिया. दोनच वर्षांत लक्षात आलं, छे, ही तर आधीच माहीत असलेल्या कार्डिओकॉन्डिला वंशातली! आपलंच नाव त्याने मागे घेतलं. ऑफिसात आपली चूक दोन वर्षांत कबूल करणारा बॉस कुणी पाहिलाय? ती मुंगी आज कार्डिओकॉन्डिला रॉटोनिआय. म्हणजे आमची चिमुरडी बरोबरच होती : आधी आडनाव, मग नाव. आणि तिचं नाव रॉटनने नाही, फोरेलने ठेवलं. स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं नाही, हा या धंद्यातला शिष्टाचार.

‘नवी जात सापडली’ ही बातमी वाचताना आपल्याला वाटतं, कोणीतरी ‘युरेका’ म्हणून ओरडलं असेल. प्रत्यक्षात काम कारकुनी चिकाटीचं. मुंगी अल्कोहोलमध्ये ठेवायची, मग कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवायची. मायक्रोस्कोपखाली डोक्याची रुंदी मोजायची, मिशांचे सांधे मोजायचे. जुन्या म्युझियममधल्या नमुन्यांशी ताडून बघायचं. कशाशीच जुळलं नाही, तर वर्णन छापायचं आणि नमुना सर्वांना बघता येईल असा जपून ठेवायचा. अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात झाडाच्या ढोलीत सापडलेली निळी मुंगी या सगळ्या चाळणीतून गेली आणि 2024 मध्ये पॅरापॅराट्रेकिना नीला झाली. दोन मिलिमीटरही नाही बिचारी!

तुम्हीही सुरुवात करू शकता. मोबाइलवर झूम करून मुंगीची कंबर बघा. मुंगळ्याच्या कंबरेला एकच गाठ असते, पुष्कळशा छोट्या मुंग्यांना दोन. एवढ्यावरच दोन मोठी घराणी वेगळी होतात. आमच्या बांधावरच्या बाईसाहेबांना दोन निघाल्या.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘बघून घ्या लवकर. मृगाच्या आधी जेसीबी लावून बांध काढायलोय. सोयाबीनची दोन तासं वाढतेत.’’ त्याचंही चुकत नाही. त्या दोन तासांवर पुतणीच्या शाळेची फी निघते.

कीटकशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, ही मुंगी बहुधा शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेली असेल, हुरळून जाऊ नकोस. पण चार मुंग्या घेऊन ये. रॉटनच्या काळात देवणी निजामाच्या राज्यात, म्हणजे त्याच्या हद्दीबाहेर. नकाशावर एखादा भाग कोरा दिसला तर तिथे मुंग्या नाहीत असं समजायचं नसतं, कधीकधी तिथे कोणी बघितलेलंच नसतं. आणि जे नोंदलंच नाही, ते गेल्यावर गेलं म्हणून तरी कोण सांगणार?

मग औषधाच्या रिकाम्या बाटलीत चार मुंग्या आल्या. मित्राची अट एकच होती : चिठ्ठी हवी, आणि तीही पेन्सिलीने, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बिनचिठ्ठीची मुंगी म्हणजे कचरा. पुतणीने वहीचं पान फाडून गिरवलं : देवणी, जि. लातूर. शेताचा बांध. खाली तारीख आणि स्वतःचं नाव.

जूनमध्ये दादाचा फोन आला. पाऊस चांगला झालाय, पेरणी उरकली. बांधाचं मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बाटली मित्राच्या कपाटात आहे, रांगेत. मुंगीताईंचं नाव अजून कळायचंय. पत्ता मात्र पक्का लिहून ठेवलाय.